कंदीलवाल्यासाठी थांबलेल्या वन्सं

माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, सत्तावीस वर्षं संग्रहालयात लोकांना वस्तू दाखवल्या. अकरा दालनं, जमिनीवर रंगवलेले बाण, आत यायचं दार एक आणि बाहेर पडायचं दुसरं. उलटं फिरलेलं चालायचं नाही. प्रत्येक दाराशी वन्सं थांबायच्या, माणसं मोजायच्या आणि मगच पुढे निघायच्या. एकदा मोजणी चुकली आणि घड्याळांच्या दालनात बाकावर टेकलेले एक आजोबा मागेच राहिले. बाहेरून कुलूप लागलं. दीड तासाने सापडले तेव्हा ते हसत होते म्हणे, पण वन्सं त्या दिवशी जेवल्या नाहीत. आता निवृत्त झाल्या, तरी घरची आम्ही चौघं कुठे निघालो की दोनदा मोजतात.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, चार मित्रमैत्रिणींबरोबर तीन वर्षं एक व्हिडिओ गेम बनवत होती. जादूचं राज्य, राक्षस, तलवार चालवणारी एक मुलगी आणि तिचे चार सोबती. शनिवारी दुपारी ती तो गेम घेऊन घरी आली. सोमवारी तो विकणाऱ्या कंपनीला द्यायचा होता आणि पाच जणांत जुंपली होती. गेममध्ये रस्ता एकच. फाटा नाही, मागे वळणं नाही. दोघे म्हणत, हाच दोष, देऊ नका, अजून वर्षभर काम करू. दोघी म्हणत, हीच तर गंमत. भाचीचं काही ठरत नव्हतं.

"आई, तू खेळ. उद्या संध्याकाळपर्यंत बरं-वाईट सांग. तू म्हणशील तसं करते."

"अगं, मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच तर!"

वन्संचे दोन्ही हात गेमच्या रिमोटवर, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या वहीत मी रोज देवाकडे काय मागितलं आणि काय मिळालं ते लिहिते. त्या दिवशी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे बरं, उजवीकडे वाईट.

"लिहा वहिनी. हरवायला होत नाही. खजिन्याची पेटी वाटेतच सापडते, उगाच अख्खं रान धुंडाळायला लावत नाहीत. गोष्ट रेंगाळत नाही. डोंगर तर काय सुरेख काढलेत!" डावी बाजू भरली. मग त्यांची भुवई वर गेली. "मारामारी मात्र दर वेळी तीच. आणि हे बघा, दोन उत्तरांतलं एक निवडा म्हणतात. कुठलंही निवडा, पुढचं बोलणं तेच. अगदी आमच्या दादासारखं!"

दादा म्हणजे माझे यजमान. ते आतून ओरडले, "ऐकू येतंय मला!"

"ऐकू येतं, फरक काही पडत नाही. लिहा, वहिनी."

"आणि एकच रस्ता? तो कुठे लिहू?"

"बऱ्यात." थोड्या वेळाने म्हणाल्या, "नको, वाईटात." मी खोडलं. परत म्हणाल्या, "थांबा जरा." मला काही कळेना.

मग दगडी दार आलं. वन्संनी सवयीने मोजलं. मुलगी धरून चारच! कंदील घेतलेला म्हातारा सोबती मागे लंगडत होता आणि दार बंद होत आलं होतं.

"मागे कसं फिरायचं गं?"

"फिरता येत नाही, आई. तो येणार नाही. गोष्टच तशी आहे."

"मेला का?"

"ते कुणालाच कळत नाही."

वन्संनी रिमोट मांडीवर ठेवला. "मग मी थांबते."

मला वाटलं, पाच मिनिटं थांबतील. रविवारची दुपार झाली तरी ती तलवारवाली मुलगी बंद दारापुढे या पायावरून त्या पायावर होत उभीच होती.

"आई, अजून अर्धा गेम राहिलाय! तू बघितलाच नाहीस तर मी ठरवू काय?" भाची रडकुंडीला आली. "सगळ्यात चांगला भाग हाच आहे. इथे माणसाला रडू यावं म्हणून किती खपलो आम्ही."

"मी कुठे रडतेय? मी वाट बघतेय."

मी प्रार्थनेला बसले. मागावं कुणासाठी? आईसाठी, लेकीसाठी, की जो मुळात नाहीच त्या म्हाताऱ्यासाठी? आपल्यालाही देवाने एकच रस्ता आखून दिला आहे की फाटे ठेवलेत, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. शेवटी कंदीलवाल्यासाठीच मागितलं, आणि त्याच बऱ्या-वाईटाच्या पानाच्या मागे लिहून ठेवलं.

भाची संगणक घेऊन आतल्या खोलीत गेली. दोन तासांनी बाहेर आली आणि तिने गेम पुन्हा त्याच जागी लावला. दार बंदच होतं. पण खालच्या फटीतून पिवळा उजेड येत होता आणि हळूहळू हलत होता.

"दार उघडणार नाही हां, आई. एवढंच केलंय."

वन्सं पडद्यापाशी वाकल्या. "चालतोय तो?"

"उजेड हलतोय की."

"एक, दोन, तीन, चार." मग त्यांनी फटीकडे बोट दाखवलं. "पाच." आणि पुढे जायचं बटण दाबलं.

दिवेलागणीला गेम संपला. भाचीने विचारलं, "मग? रस्ता एकच ठेवू?"

"ठेव. उद्या देऊन टाक. पण वाईट आहे हो ते."

"म्हणजे बरं की वाईट?"

"वहिनींनी लिहिलंय ना!"

मी पान पुढे केलं. 'एकच रस्ता' डावीकडे खोडलेला, उजवीकडे खोडलेला आणि शेवटी मधल्या रेघेवरच लिहिलेला. भाची माझ्याकडे बघत राहिली, मी वन्संकडे. मग तिने ते पान फाडून घेतलं आणि घडी करून पिशवीत टाकलं. सोमवारी गेम गेला, आणि पानामागची कंदीलवाल्याची प्रार्थनाही त्याबरोबर गेली.