नातीचा मोकळा बिछाना

बायकोने जाण्याआधी दोन वस्तू शिवल्या. मोहरी भरलेली इवलीशी उशी आणि आपल्या जुन्या साड्यांची गोधडी. सुनेला दिवस गेले होते. नातवंड बघायला आपण उरणार नाही हे बायकोला कळलं होतं, म्हणून बोटं दुखत असतानाही टाके घालत बसायची.

नात झाली. सून तिला घेऊन गासला, आमच्या गावच्या घरी, आली तेव्हा मी दोन्ही वस्तू बिछान्यावर मांडल्या. सुनेने त्या उचलून माझ्या हातात दिल्या. कडक गादी, ताणून खोचलेली चादर, त्यावर पोरीला उताणी निजवली. ना उशी, ना पांघरूण.

"बाबा, तान्ह्या बाळाचं नाक मऊ कापडात रुतलं तर त्याला मान फिरवता येत नाही. श्वास कोंडतो."

"तुझ्या सासूने मरता मरता शिवलंय."

"माहितीये. पण झोपेत नको."

मला राग आला. खोटं कशाला सांगू.

माझी थोरली बहीण आली, तिने तर तोंडच सोडलं. "उशी नाही? डोकं मागून चपटं होईल पोरीचं."

सून हसली. "आत्या, बाबा मोहरीच्या उशीवरच वाढले ना? त्यांचं डोकं बघा मागून."

बहिणीने खरंच माझं चपटं डोकं बघितलं आणि उशीचा विषय सोडला.

बाई धीराची. आम्हा दोघा म्हाताऱ्यांची बोलणी खाल्ली, पण पोरीच्या झोपेपुढे कुणाची भीड धरली नाही. वर संध्याकाळी तीच गोधडी ओटीवर अंथरली. जाग्या पोरीला तिच्यावर पालथी घातली, स्वतः जवळ बसली. पोरीने हिरवा काठ मुठीत धरला.

"बाबा, ही साडी कधीची?"

मी सांगत बसलो. बायको गेल्यापासून मला तिच्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

परवा सून आंघोळीला गेली आणि पोर गोधडीवरच पेंगली. वाटलं, राहू दे, आजीच्या कुशीत आहे. मग उठलो. गुडघे कुरकुरले. पोरीला उचलून गादीवर उताणी ठेवली, जवळचं दुपटं बाजूला केलं.

सून ओले केस पुसत आली. आधी बिछाना नीट बघून घेतला, माझ्यावर सोडलं नाही. बरं केलं.

"चहा ठेवते, बाबा," म्हणाली.