पिठावरचा खूर

‘असं काही नसतं हो,’ हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय, की हे लिहायला बसताना संकोच वाटतोय. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पडताळता येत नाही ते मानायचं नाही, ही जुनी सवय.

आमचं घर गडमुडशिंगीत, वस्तीच्या कडेला. मागे शेवग्याचं झाड, मग पाण्याचा पाट, मग ऊस. गेल्या माघात आबा — माझे वडील — गेले. त्यांची थोरली बहीण, माझी आत्ती, गारगोटीहून दोन एसट्या बदलून पोचली, तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. तिला भावाचं तोंड दिसलं नाही.

आबांनी जिथे प्राण सोडला तिथे तिनं पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला, पिठावर बुट्टी, म्हणजे टोपली, उपडी घातली. तिसऱ्या दिवशी बुट्टी उचलायची. पिठावर ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेला, असं आमच्याकडे मानतात.

मला ते सोसवेना. एखाद्या झुरळाच्या पावलांना आबांचं नाव लागणार… तिसऱ्या दिवशी सकाळी आत्ती आंघोळीला गेल्यावर मी बुट्टी उचलली, न बघताच पीठ सुपलीत भरलं आणि शेवग्याखाली नेऊन ओतलं.

आत्ती ओल्या केसांनी बाहेर आली. रिकामी फरशी बघून खाली बसली.

“तोंड न्हाय बघाय मिळालं. म्हटलं, पाऊल तरी बघतो. तेबी पुसलंस व्हय गं?”

दिवसभर ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मागचं दार उघडलं. उसावर धुकं होतं. आणि शेवग्याखाली गवा उभा होता… एकटा, काळा, कुठलीच घाई नसल्यासारखा. गुडघ्यांखाली पाय पांढरे. गव्याचे पाय तसेच असतात, हे मी वाचलंय. पण त्या क्षणी वाटलं, हा पिठातून चालत आलाय.

आत्ती कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. हळूच म्हणाली, “जेवलास का रं?”

त्यानं मान वळवून पाहिलं. बराच वेळ. मग तो उसात शिरला — एक पातंही वाजलं नाही.

मी फोन केला, दुपारी वनखात्याची माणसं आली. पाटाजवळच्या ओल्या मातीत माझ्या चपलांचे ठसे होते, कुत्र्याचे होते, गव्याचा एकही नाही. कुणाची तरी म्हस असंल, म्हणाले. आत्ती म्हणाली, पावणं, म्हशीत जन्म गेलाय माझा.

ते गेल्यावर तिनं मला शेवग्याखाली बोलावलं. मी ढीग करून ओतलेलं पीठ हातानं सारवल्यासारखं पसरलं होतं, आणि मधोमध एकच खूर उमटला होता. सकाळपासून आत्ती माझ्या नजरेआड झाली नव्हती.

तिनं खूप वेळ पाहिलं. मग भाकरी मागितली.

“आता पुसलंस तरी चालंल,” म्हणाली.

ओल्या मातीत काही नाही आणि पिठावर एकच खूर, हे कसं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मी एवढंच केलं… आतून बुट्टी आणली आणि त्यावर झाकली.