डुकराला हळद

माझ्या नणंदेशी माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, हैदराबादच्या विद्यानगरातल्या या घरात माझ्या आधीपासून आहे, आणि स्वयंपाकघर आपल्या बापानं आंदण दिल्यासारखं चालवते. मी गौलीगुड्यात वाढलेली, तोंडाला तोंड द्यायला कुणाच्या बापाला भीत नाही. तरी गॅसपुढे तीच उभी असते.

त्यात लेक जपानहून सुट्टीवर आली. तिथं नोकरी करते. करार संपत आला होता आणि इथल्या एका कंपनीनंही तिला बोलावलं होतं. परत जायचं की हैदराबादेतच राहायचं, हे तिला त्याच आठवड्यात कळवायचं होतं. तिनं राहावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. रविवारी सकाळी ती सहज म्हणाली, "आई, आज तेरियाकी करू या? डुकराच्या मटणाचं. सॉसच्या बाटल्या आणल्यात मी."

नणंद तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डुक्कर खायचं तर तिकडंच राहा म्हणावं. माझ्या घरात नक्को."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच बाई बकऱ्याची नळी ताटावर आपटून आपटून चोखते, तेव्हा कुठं जातं हिचं सोवळं? मी म्हटलं, "आक्का, आज डुक्करच शिजणार. बघवत नसेल तर देवळात जाऊन बसा."

ती उठली आणि मटणाची भांडी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली. आमच्याकडे मटणाचं पातेलं, पळी, तवा सगळं वेगळं, मागच्या बाल्कनीत. रोजच्या भांड्यांत त्यांना मिसळायचं नाही. "त्यात बकरं शिजतं, बाटतील ती," म्हणाली. मटणाच्या भांड्यांना विटाळ! हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

मग काय, मीही हट्टाला पेटले. लेकीला घेऊन निघाले. हिमायतनगरातून नवा पॅन आणि परात घेतली, सिकंदराबादेकडच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानातून मटण आणलं, चरबीच्या कडेसकट पातळ काप करून. बाल्कनीत शेगडी मांडली. लेक सांगत होती, "तेल नाही घालायचं आई. चरबी आपोआप सुटते. काप लाल झाले की सोया सॉस, साखर, आलं आणि ही तांदळाची दारू ओतायची, आणि चकाकी येईपर्यंत आटवायचं."

"आणि मीठ?"

"मीठ नाही. सॉसमध्येच भरपूर असतं."

काप परातीत ठेवून आम्ही आत गेलो, ती आलं किसायला, मी भात टाकायला. परत येऊन बघते तर परात पिवळीधमक! हळद, मीठ, आलं-लसूण, सगळं चोळून ठेवलेलं. शेजारी नणंद उभी, हात कोपरापर्यंत नाही पण मनगटापर्यंत पिवळे.

"हे काय केलंत आक्का?"

"काय म्हणजे? कच्चं मांस उघडं टाकून गेलात. हळद-मीठ लावल्याशिवाय मांस शिजवतात का कुणी? पोरीचं पोट बिघडलं म्हणजे?"

"तुम्ही हात लावलात? डुकराला?"

"मग काय पायानं लावू?"

मी किंचाळलेच. "अहो, मीठ घालायचं नसतं! त्या सॉसमध्येच मीठ असतं! माहीत नाही तर हात कशाला घालता प्रत्येक गोष्टीत?" तीही गप्प बसणारी नाही. लग्नात माझ्या माहेरच्यांनी वाढलेल्या पातळ वरणापासून सुरुवात झाली आणि आम्ही थेट आजपर्यंत आलो. खालच्या मजल्यावरची तेलुगू बाई जिन्यात येऊन उभी राहिली.

तेवढ्यात लेकीनं काप धुतले, तरी पिवळेपण गेलं नाही. तिनं ते तसेच पॅनवर टाकले आणि वरून सॉस ओतला. झालं ते खारट जहर. नवऱ्यानं एक घास खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायला. लेक मात्र भातावर भात घेत खात राहिली. नणंद दारात उभी राहून तिच्या ताटाकडे बघत होती, स्वतः तोंडात घातलं नाही. "कसं झालंय?" म्हणाली. "छान झालंय आत्या," पोरगी म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

तरी मनात म्हटलं, खाल्लं ना पोटभर, आता राहील.

हात धुताना तिनं सांगितलं, "आई, मी परत जातेय. घरी आले की तुम्ही दोघी माझ्यावरून भांडता. तिथं निदान शांतपणे जेवते."

मी म्हटलं, हे सगळं आक्कांमुळे. अजूनही म्हणते. त्यानंतर आम्ही दोघी महिनाभर कामापुरतंही बोललो नाही.

परवा लेकीचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या फोनवर. तिथं जेवणाची वेळ झाली होती, समोर पॅनमध्ये तेच काप. मी चष्मा पुसून नीट बघितलं. पिवळे होते.

"हळद लावल्याशिवाय आता चवच लागत नाही," लेक म्हणाली. "पण प्रमाण चुकतंय. जरा आत्याला दे ना फोन."

मी फोन दिला. नणंदेनं तो तोंडाशी धरला, चुटकीभर म्हणजे किती ते बोटांनी दाखवलं, आणि मोठ्या जाणतेपणानं म्हणाली, "आणि हे बघ, मीठ घालायचं नसतं. त्या सॉसमध्येच मीठ असतं."

आयत्या बिळावर नागोबा! वाक्य माझं, फोन माझा, पोरगी माझी. ओरडायला तोंड उघडलं होतं मी. पण पलीकडे पोरीनं पहिला घास घेतला होता, म्हणून मी गप्प बसले.