नऊ खऱ्या दांड्या

सदर व्यक्ती महिला असून वय सत्तावन्न, व्यवसाय मोटार प्रशिक्षण, परवाना वैध, चष्मा आहे. वाहन एक: विजेवर चालणारे, पांढरे, जुने, प्रशिक्षकाच्या बाजूस जादा ब्रेक बसवलेला. अपघात: निरंक. तक्रारी: निरंक. स्वभाव शांत व संयमी, शिकाऊ चालकांस धीर देणारा. कोणाशीही वैमनस्य असल्याचे आढळून येत नाही. सबब सदर व्यक्ती प्रशिक्षणकार्यास पात्र असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे.

हे प्रमाणपत्र बाईंच्या बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर लावलेलं आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी बाईंना काचेच्या खिडकीपलीकडून पाहिलं होतं, आणि तेही सही करण्यापुरतं.

गावात त्यांना ब्रेकबाई म्हणत. बाकीच्या मोटार शाळा तरुणांना शिकवत. बाईंकडे येत ती घाबरलेली माणसं: नवरा गेल्यावर गाडी दारात धूळ खात पडलेल्या बायका, मुलाने 'आता तुम्ही कशाला' म्हटलेले बाप, एकदा धडक बसल्यावर स्टिअरिंगला हात न लावलेले सज्जन. असल्या माणसांना गिअरची गाडी देऊन चालत नाही. चढावर गाडी बंद पडते, मागचा हॉर्न वाजवतो, आणि माणूस उतरून रिक्षाने घरी जातो तो कायमचा. बाईंच्या गाडीला क्लच नव्हता, गिअर नव्हता, आवाज नव्हता. ती बंद पडत नसे. बाईंचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता, आणि त्या वर्षी ती गोष्ट संपत आली.

पहिल्यांदा ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातून घडलं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. दुसऱ्याच्या तोंडात यंत्र घालताना त्यांचा हात कापत नसे, मोटारीत बसल्या की दोन्ही कापत. पाण्याच्या टाकीचा चढ अर्धा झाला आणि समोरच्या पडद्यावर एक पिवळं कासव उमटलं. गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगावर आली.

"अहो, हे कासव आलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्यामुळे का?"

"नाही हो. बॅटरी म्हातारी झालीय."

"मग बरं झालं. मला वाटलं, गाडी पहिल्यांदाच माझं ऐकतेय."

बाई हसल्या नाहीत. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला, आणि जाताना त्याने वळून पाहिलं. ते पाहणं बाईंनी मनात नोंदवून ठेवलं.

मग त्या कंपनीच्या शोरूममध्ये गेल्या. तिथला पोरगेला साहेब इतका सुगंधी होता की त्याच्याशी भांडायला श्वास घ्यावा लागत होता.

"मॅडम, या मॉडेलची बॅटरी मागवता येते, पण तेवढ्या पैशांत तुमच्या गाडीसारखी दुसरी गाडी येईल."

"गाडीला काय झालंय? दारं लागतात, चाकं फिरतात, रंग उडालेला नाही."

"टेक्नॉलॉजी पुढे गेली, मॅडम."

"ती पुढे गेली असेल. मला फक्त चढावर जायचंय. आणि नव्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक बसवून द्याल?"

"त्याने वॉरंटी रद्द होते."

"म्हणजे तुम्ही मला अशी गाडी विकणार, जिच्यात मला शिकवता येणार नाही. आणि आहे ती फेकायची, कारण तिचं पोट बिघडलंय. तुमच्या आजोबांचं पोट बिघडलं तेव्हा काय केलं होतं?"

साहेबाने कॉफी विचारली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कॉफी फुकट होती म्हणून त्या ती पिऊन आल्या.

दुसरा रस्ता होता बॅटरीवालीचा. ही जुन्या बॅटऱ्या उघडून तपासणारी, बोटभर केस, हातात जाड रबरी मोजे. तिने गाडी वर उचलली, खालची बॅटरीची पेटी तपासली आणि आतल्या सगळ्या कप्प्यांचे आकडे पडद्यावर आणले. बाईंबरोबर त्यांचे यजमानही आले होते. यजमान इस्पितळाच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेले. उभा जन्म माणसांना वाढण्यात गेला. कुणाच्या ताटात जागा दिसली की त्यांचा हात आपोआप डावाकडे जाई.

"दोन-चार कप्पे वाईट असते तर तेवढेच बदलले असते," बॅटरीवाली म्हणाली. "इथे सगळे सारखेच थकलेत. गाडी चार्जिंगला कोण लावतं?"

"मी," यजमान अभिमानाने म्हणाले. "ही आली की लगेच. शंभर टक्के. जरा कमी झालं की पुन्हा लावतो. आजवर एकदाही तिला अर्ध्या पोटी बाहेर पाठवलेलं नाही."

बॅटरीवालीने मोजे काढले. "काका, हिला भूक लागूच दिली नाहीत तुम्ही. या बॅटऱ्यांना गळ्यापर्यंत भरून ठेवलं की त्या आतून झिजतात. उन्हाळ्यात तर जास्तच. ऐंशीला थांबायचं असतं."

"कुणी सांगितलं नाही."

"पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक हिच्याकडे होतं."

बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बॅटरीवाली उगाचच पाने-पक्कड शोधायला आत गेली.

"इतकी वर्षं," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या गाडीला कोंबून कोंबून खाऊ घातलंत."

"अगं, उपाशी कशी पाठवू? रस्त्यात काही झालं असतं तर?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण ज्या माणसाने लग्नानंतर एकदाही आपल्याआधी घास घेतला नाही त्याच्यावर ओरडायचं कसं, हे बाईंना कधीच जमलं नव्हतं. आणि ओरडता येत नाही याचाच त्यांना जास्त राग आला.

बॅटरीवालीकडे एक पर्याय होता. मागून ठोकर बसलेल्या, त्याच जातीच्या गाडीतली पेटी. "पडद्यावर बारापैकी नऊ दांड्या दाखवते. नवी नाही, पण जेवढं दाखवते तेवढं देते. आणि दुसरीकडे बघायला गेलात तर दांड्यांवर जाऊ नका. मोजणी पुसून गाडीला नव्याने मोजायला लावता येतं. मग मेलेली बॅटरीसुद्धा काही दिवस बारा दाखवते. चार माणसं बसवा, चढावर न्या. सगळी सोंगं आणता येतात, चढावर दमाचं सोंग आणता येत नाही."

नऊ दांड्या म्हणजे वापरलेलं, दुसऱ्याचं, अपुरं. बाईंना ते पटेना. तेवढ्यात दीर आले.

धाकट्या दिराची मोटार शाळा मुख्य रस्त्यावर होती, गिअरच्या दहा गाड्यांची, पिवळ्या पाटीची. घाबरलेली माणसं मात्र त्यांच्याकडे टिकत नसत. दरवर्षी ते घरी येऊन म्हणत, "वहिनी, नुसत्या या हो. खुर्ची देतो, पंखा देतो, तुमची माणसं घेऊन या." दरवर्षी बाई त्यांना पाणी देऊन परत पाठवत.

"बॅटरी मिळाली, वहिनी," दीर म्हणाले. "माझ्या ओळखीच्या गॅरेजात. म्हाताऱ्या जोडप्याची गाडी होती, बाजारापुरती निघायची. बाराच्या बारा दांड्या! बसवून बघा. पटली नाही तर काढून घेऊ."

बारा दांड्या पाहिल्यावर बाईंनाही क्षणभर नऊंची लाज वाटली. गॅरेजने ती पेटी बसवली. मग बाई शेजारच्या सीटवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या जागी, जाऊन बसल्या.

"चालवा, भाऊजी."

"मी कशाला? तुमची गाडी."

"माझ्या गाडीत मी कधी चालवते? बसा."

मागे यजमान आणि डॉक्टरीणबाई बसल्या. डॉक्टरीणबाईंची परीक्षा चार दिवसांवर होती, आणि वजन म्हणून तरी आपला उपयोग होतोय याचा त्यांना आनंद झाला होता.

"सीट पुढे घ्या. आरसा. पट्टा," बाई म्हणाल्या.

"वहिनी, दहा गाड्यांचा मालक आहे मी."

"पट्टा."

सपाटीवर गाडी लोण्यासारखी गेली. दीर बोटाने पडद्यावर टिचक्या मारत होते. "बघा, बारा. हलल्यासुद्धा नाहीत." चौकात त्यांनी डावीकडचा दिवा लावला. "चला, झालं. परत फिरू."

"टाकीच्या चढावर घ्या."

"त्याची काय गरज आहे? उगाच हात दाखवून अवलक्षण."

"उजवीकडे घ्या, भाऊजी."

चढ सुरू झाला. पहिल्याच वळणावर बाराच्या नऊ झाल्या. दुसऱ्या वळणापर्यंत पाच. दीर एकदम परत वळायला गेले, तेव्हा बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, हळूच, शिकाऊ माणसाला दाबतात तसा.

"इथे यू-टर्न नाही. सरळ वर."

तीन दांड्या. दोन. मग ते पिवळं कासव.

मागून डॉक्टरीणबाईंचा बारीक आवाज आला. "या वेळी तरी माझ्यामुळे नाही ना?"

गाडी थांबली. दिरांच्या मानेवर घाम आला होता.

"तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, दोनेक महिने सहज गेली असती. सपाटीवर काय वाईट आहे? तोवर तुमचं तुम्हालाच कळलं असतं की हे एकटीचं काम नाही. तुमच्या भल्यासाठीच..."

"दोन महिने. आणि मग एखादी बाई मुलाला मागे बसवून या चढावर अडकली असती. माझ्या शिकाऊ बाया, तुमच्या खोट्या दांड्या, आणि मागून येणारा ट्रक."

"एवढं काही झालं नसतं."

"दादा," यजमान मागून म्हणाले. धाकट्या भावाला ते लहानपणापासून दादा म्हणत, आणि आजवर या शब्दाने त्याच्यापुढे फक्त ताट सरकवलं होतं. "उतर म्हणालो असतो. पण आज तू इथेच बस."

बाईंनी हातब्रेक ओढला. चारही बाजूंचे दिवे लुकलुकायला लावले. मागच्या डिकीतला लाल त्रिकोण काढून रस्त्यावर नेऊन ठेवला, अंतर पावलांनी मोजून, जसं त्या प्रत्येकाला शिकवत तसं. मग खिडकीपाशी परत आल्या.

"बंद पडलेली गाडी चालकाने सोडून जायची नसते. नियम आहे. ओढणारी गाडी तुमच्या ओळखीच्या गॅरेजातून मागवा. माझी गाडी बॅटरीवालीकडे पोचवा, आणि ही पेटी ज्याची त्याला द्या. आणि भाऊजी, आरसा बघत राहा."

"वहिनी, मी तुमच्या पाया..."

"पाय ब्रेकवर."

तिघं चढ पायी उतरले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की आता परीक्षेचं काय. बाई म्हणाल्या, "नऊ दांड्या आहेत. नवव्या दांडीवर तुम्ही पास व्हाल." संताप अजून उतरला नव्हता, त्यामुळे हे बोलणं धीर देण्यासारखं वाटलं नाही, धमकीसारखं वाटलं. कदाचित म्हणूनच डॉक्टरीणबाई पास झाल्या.

नऊ दांड्यांची पेटी बसली. संध्याकाळी गाडी दारात लागली की यजमान वायर जोडतात आणि तिच्याशेजारी स्टूल टाकून बसतात. ऐंशीचा आकडा आला की उठून वायर काढतात, तोंड कडू करून, जेवणाऱ्याला अर्ध्यावरून उठवल्यासारखं. एकदा त्यांनी चोरून ब्याऐंशी केलं. बाईंना सकाळी कळलं. त्या दिवशी त्यांनी यजमानांच्या ताटात तिसऱ्यांदा वाढलं, आणि चौथ्यांदा, आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

पुढल्या वर्षी प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं. वाहन तेच, बॅटरी बदललेली, अपघात निरंक, तक्रारी निरंक, स्वभाव शांत व संयमी, कोणाशीही वैमनस्य असल्याचे आढळून येत नाही.

दिराशी बाई अजून बोलत नाहीत.