पडद्याची फट

रोज सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं की तिथले शिपाई काका आधी पाणवनस्पतींच्या बरणीशी वाकायचे आणि विचारायचे, "काय मंडळी, झोप झाली का?" मग पिवळी पडलेली पानं चिमटीने खुडायचे.

मुलं त्यांना बुडबुडेकाका म्हणत. दिव्याच्या उजेडात पाण्यातल्या फांदीच्या कापलेल्या टोकातून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात. दिवा लांब नेला की कमी होतात. ते मोजायला सव्वीस वर्षं प्रत्येक तुकडीला काकांनीच शिकवलं. "फळा माझा, पण डोळे काकांचे," असं जीवशास्त्राच्या बाई म्हणायच्या.

त्याच डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी दिलेला चष्मा काकांनी कपाटात ठेवला. "कपाटाला काय वाचायचंय एवढं?" बायकोने टोमणा मारला. काका हसले, चष्मा काही बाहेर आला नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला खोलीत काळे पडदे होते, उजेड फक्त टेबलांवरच्या दिव्यांचा. काकांना हजेरीच्या कागदावरचे नंबर दिसेनात. त्यांनी खिडकीचा पडदा दोन बोटं सरकवला आणि फटीशी कागद धरून वाचत राहिले. मागे शेवटच्या टेबलावर काय चाललंय, याचं भान त्यांना नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक त्या टेबलापाशी थबकले. "दहा सेंटिमीटरवर एकतीस, वीसवर तीस, तीसवर पुन्हा एकतीस? दिवा हलवलास तरी का? की आकडे घरूनच आणलेस?"

"दोनदा मोजलेत, सर," त्या टेबलावरची मुलगी म्हणाली. "काकांना विचारा. ते इथेच उभे आहेत."

काकांनी वळून पाहिलं. तिच्या काचपात्रावर उन्हाची पट्टी सरळ पडली होती. दिवा जवळ काय नि लांब काय, त्या फांदीला पोटभर उजेड मिळत होता. काकांचा हात आपोआप पाठीमागे गेला आणि पडदा बंद झाला.

"मला काय कळतंय त्यातलं, साहेब? मी आपला काचा धुणारा."

दोघं-तिघं हसले. परीक्षकांनी तिच्या आकड्यांवर लाल रेघ ओढली. मुलगी काकांकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

दुपारी काकांनी तिचं काचपात्र धुतलं. पुसून ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा धुतलं. मग ओल्या हातांनीच शिक्षकांच्या खोलीत गेले. परीक्षक जेवत होते, बाई गुणांचे कागद लावत होत्या.

"साहेब, पडदा मी उघडला होता. मला नीट दिसत नाही. ते कळू नये म्हणून मघाशी खोटं बोललो."

परीक्षकांचा घास हातातच राहिला. बाईंनी मान वर केली नाही. काकांना तेच जास्त लागलं.

"बोलवा तिला," परीक्षक म्हणाले. "पुन्हा करू दे."

मुलगी अजून फाटकापाशीच होती. या वेळी काकांनी सगळ्या पडद्यांना चिमटे लावले. तीस, सतरा, नऊ. परीक्षकांनी लाल रेघेशेजारी सही करून नवे गुण मांडले.

दप्तर भरता भरता तिने विचारलं, "काका, तेव्हाच का नाही बोललात?"

काकांनी दारातली बादली तिच्या वाटेतून बाजूला केली. 

"जिना आत्ताच पुसलाय," ते म्हणाले. "सावकाश उतर."