शेवटच्या गाडीची हजेरी

आज रविवार. सकाळी सहाला वर्तकनगरहून निघालो. कल्याणला कार क्लबच्या बाकीच्या गाड्या भेटल्या. मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाऊन दुपारी परत आलो.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, नितीनची. तो जाऊन तीन महिने झाले. "नुसती उभी राहून खराब होईल, एकदा फिरवून आण," असं आई म्हणाली, म्हणून गेलो. क्लबच्या ताफ्यात नितीन कायम शेवटी असायचा. तीच जागा मला दिली.

घाट लागला की सगळ्यांत पुढचा राजू वॉकीटॉकीवर हजेरी घेतो. शेवटच्या गाडीचं उत्तर आलं नाही, तर सगळे थांबतात. मी वळणाकडे बघत होतो, उत्तर द्यायचं राहिलं. तेवढ्यात राजूचा आवाज आला, "नित्या, झोपलास काय रे? बोल की!"

समोरून ट्रक येत होते, तिथे थांबणं धोक्याचं होतं. मी बटण दाबून म्हणालो, "आहे."

वर चहाला राजू जवळ आला. "दादा, सवयीने तोंडातून गेलं." त्याला रडू आवरेना. मी "असू दे" म्हणालो.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली आहे का? मी काय उत्तर द्यायला हवं होतं?

घरी आल्यावर गाडीवर कव्हर घातलं. ते दोघांनी धरून घालायचं असतं. एका बाजूने ओढलं की दुसरीकडून सुटत होतं. गाडीभोवती तीन फेऱ्या मारून कसंबसं बसवलं.