जुगराफिया साहेबांची वही

जुगराफिया साहेब कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की पाणी मागायचे, आणि तांब्या हातात आला की ते न पिता अंगणात ओतायचे. थोडेच ओतायचे, बेताने, एका जागी. मग कमरेवर हात ठेवून ते पाणी कुठे निघाले ते बघत उभे राहायचे. यजमान गोंधळायचे. कुणाला वाटे हा काही विधी असेल, कुणाला वाटे पाण्यात काही पडले असेल. साहेब मात्र पाणी जिरेपर्यंत कुणाशी बोलत नसत.

आमच्या फुलंब्रीच्या घरी मी त्यांना नेले तेव्हा आईने लख्ख घासलेला तांब्या पुढे केला. साहेबांनी तो ओतला. पाणी ओट्याला वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"माय, तुमची चूल कितीदा भिजली?" त्यांनी विचारले.

आई आधी माझ्याकडे बघू लागली. मी काही सांगितले नव्हते. "दोनदा," ती म्हणाली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"ह्या पान्यानं."

त्यानंतर साहेब येणार म्हटले की आई दोन तांबे भरून ठेवी, एक पिण्याचा आणि एक ओतण्याचा. चूलही तिने पलीकडच्या भिंतीला हलवून घेतली.

शहरातल्या आमच्या शाळेत साहेब भूगोल शिकवत. निजामाच्या काळात तो विषय उर्दूतून चाले आणि त्याला जुगराफिया म्हणत; मुलांनी विषयाचे नाव साहेबांना चिकटवून टाकले. पोलीस ॲक्शन झाली, शाळेची भाषा मराठी झाली, विषयाचा भूगोल झाला, साहेब जुगराफियाच राहिले. मी त्याच सुमारास तिथे मराठी शिकवायला लागलो होतो. त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, आणि त्या वयाला साजेसा शिष्ट. खिशात लाल पेन्सिल असायची. लग्नपत्रिकेत चूक दिसली तरी मी तिच्याभोवती गोल करायचो. बायकोने माहेराहून लिहिलेल्या पहिल्या पत्रालाही केले होते, आणि त्याचे परिणाम पुढे बरेच दिवस भोगले.

भूगोलाचे नवे मराठी पुस्तक आले तेव्हा त्याचा पहिलाच धडा समुद्रावर होता. नारळ, होड्या, भरती-ओहोटी. साहेबांनी वर्गाला विचारले, "समुद्र कुनी पाह्यलाय?" एकही हात वर झाला नाही. "मंग त्यो शेवटी घेऊ," ते म्हणाले आणि मुलांची रांग करून त्यांना शाळेबाहेर घेऊन गेले. दिवसभर पोरे उन्हात उत्तरेचे डोंगर, दक्षिणेचे डोंगर आणि मधला खोलगट भाग बघत हिंडली. मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर काय लिहावे, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटला नव्हता.

साहेब शहागंज बाजाराच्या मागच्या एका बोळात राहत. त्यांच्याबरोबर त्या बाजारातून जायचे म्हणजे दहा मिनिटांच्या वाटेला तास लागे. मी एकदा सहज म्हणालो की बादशहांनी काय मोक्याच्या जागी बाजार वसवला. ते जागीच थांबले.

"बादशहानं नाय वसवला, मास्तर. बैलानं वसवला. डोंगर उतरून आलेला बैल थकला, त्याला पानी दिसलं, थांबला. बैल थांबला म्हनून घासवाला बसला. घासवाला बसला म्हनून सराई झाली. मंग मशीद, मंग दुकानं, सगळ्यात शेवटी त्यो घड्याळाचा मनोरा. बादशहा आला आन् निस्तं नाव ठेवून गेला." मग एका हातगाडीवाल्याने आम्हाला ओरडून बाजूला केले, म्हणून ते विवेचन तिथेच संपले.

त्यांच्या बोलण्यावरून दिसलेच असेल की साहेबांना मराठी बोलायला काही अडचण नव्हती. जन्मापासून ते ही भाषा बोलत होते. लिहिता मात्र एक अक्षर येत नव्हते, आणि वरून हुकूम आला तो लिहिण्याचाच. जुन्या शिक्षकांनी वर्षाच्या आत मराठीची लेखी परीक्षा द्यावी; पास झाले तर नोकरी, नाही तर सक्तीची रजा आणि निवृत्ती. साहेबांच्या वयाच्या माणसाला संधी एकच होती. त्यांचे धाकटे भाऊ हैदराबादेत होते आणि इकडचे सगळे आवरून या, अशी त्यांची पत्रे येत. साहेब ती वाचून घडी घालून ठेवत. "हितलं पानी कुठून येतं, कुठं जातं, मला ठावं आहे," ते म्हणत. "तिथं जाऊन मी काय करू? पुन्यांदा पहिलीत बसू?"

शिकवायचे काम माझ्याकडे आले. रोज संध्याकाळी शाळेनंतर मी त्यांच्या घरी जाई. ते पाटी-पेन्सिल घेऊन तयार असत. वही आणा म्हटले तर ऐकत नसत. "पाटीवरची चूक पुसता येती," एवढेच म्हणत. माझी लाल पेन्सिल खिशातच राही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा थोडा राग येई. पण माणूस कष्टाळू होता. सहा महिन्यांत वेलांट्या जागेवर बसल्या, आठव्या महिन्यात ते पाटीच्या दोन्ही बाजू भरून मजकूर लिहू लागले.

मोबदल्यात त्यांनी मला फुलंब्रीच्या वाटेवरचा चौक्याचा घाट दाखवला. मी त्या घाटातून लहानपणापासून ये-जा करत होतो, पण बघितला नव्हता. बस वर इंजिन थंड करायला थांबली तेव्हा साहेब त्यांची पाण्याची बाटली घेऊन उतरले. "ह्या अंगाला पडलेला थेंब खाम नदीला जातो, माझ्या गावाकडं," ते म्हणाले आणि थोडे पाणी ओतले. दोन पावले पलीकडे जाऊन उरलेले ओतले. "ह्यो तुमच्या गिरजा नदीला. एका ढगातले दोघं, हितं फुटले. मंग लई खाली जाऊन गंगेतच भेटतात." गंगा म्हणजे गोदावरी. कंडक्टर घंटी मारत होता आणि साहेब ओल्या मातीकडे बघत होते.

परीक्षा झाली. बाहेर आले तेव्हा साहेब खूश होते. निबंधाला 'माझे गाव' हा विषय आला होता. "बारा पानं लिहिली, मास्तर," ते म्हणाले. मी निश्चिंत झालो.

निकालात ते नापास होते. शून्य गुण. मी तडक परीक्षेच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून माझ्या ओळखीचा निघाला.

"तुमच्या साहेबांनी कोरी वही दिली हो," तो म्हणाला. "वर नंबरसुद्धा नाय. हजेरीवरून वळखली आमी."

त्याने वही माझ्यापुढे टाकली. मुखपृष्ठ कोरे. पहिले पान कोरे, दुसरे कोरे, तिसरे कोरे. मी वही उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर ठसठशीत नंबर होता आणि शेवटच्या पानावर 'माझे गाव'. आयुष्यभर उर्दू लिहिलेल्या माणसाने हाताच्या सवयीने वही उजवीकडून उघडली होती. मी त्यांना काना शिकवला, मात्रा शिकवली, जोडाक्षरे शिकवली. वही कुठल्या बाजूने उघडायची ते सांगितले नाही, कारण पाटीला पाने नसतात. चूक माझी होती. आजही मला तसेच वाटते.

निबंध मी तिथेच उभ्याने वाचला. 'आमच्या गावाचे पहिले नाव खडकी. ते जमिनीने ठेवले, कारण इथे खडक आहे. नंतरची नावे माणसांनी ठेवली. ती बदलतात. खडक तोच आहे.' पुढे डोंगर होते, जमिनीखालून शहरात पाणी आणणारी जुनी नहर होती, शहागंजातला तो थकलेला बैलही होता.

वरिष्ठ अधिकारी भला माणूस होता. त्याने वही दोन्ही बाजूंनी चाळली आणि परत दिली. निकाल कळवून झाला होता, आता काही करता येणार नाही, म्हणाला. पुन्हा विनंती केली, तेव्हा तो खिडकीबाहेर बघू लागला.

साहेबांना मी जसे घडले तसे सांगितले. त्यांनी जवळचे एक पुस्तक उचलले, डावीकडून उघडून पाहिले, पुन्हा मिटले. "अच्छा," ते म्हणाले. "ह्या बाजूनं." मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

महिन्याभरात त्यांनी घर आवरले. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. साहेबांच्या पत्नी आत सामानाशेजारी बसल्या होत्या, साहेब खिडकीशी.

"हैदराबादचं पानी कृष्णेला जातं," ते म्हणाले. "तुमचं आन् माझं आता समुद्रातच भेटंल. त्यो धडा शिकवायचा राह्यलाच बघा."

गाडी हलायच्या बेतात होती.

"मास्तर, निबंध वाचला तुम्ही?"

"वाचला, साहेब."

"गलत्या किती व्हत्या?"

"तीन," मी म्हणालो.

"तीनच?" त्यांनी बारा पानांचा हिशेब मनाशी केला असावा. चेहरा उजळला. "मंग पास."

"पास, साहेब."

गाडी गेली. चुका मी मोजल्याच नव्हत्या. कचेरीत उभा होतो तेव्हा लाल पेन्सिल नेहमीसारखी खिशात होती. बारा पाने वाचून होईपर्यंत मला तिची आठवणच झाली नव्हती.